आईच्या फोनला वायरलेस चार्जर घ्यावा का? वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा

पाचपाखाडीकर | ५ जुलै, सकाळी ९:४०

मंडळी, आईच्या फोनची चार्जिंग पिन काल बदलून आणली. दीड वर्षात दुसऱ्यांदा. आई ७२ वर्षांची, हात थोडे थरथरतात, चष्मा नेमका त्या वेळी सापडत नाही. मग अंदाजाने केबल खुपसायची, जात नाही म्हटलं की उलटी करून खुपसायची, तरी नाही म्हटलं की जोर लावायचा. टाइप-सी कशीही घातली तरी जाते हे मी तिला चारदा सांगितलं. "मग जात का नाही?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. स्टेशनजवळच्या गल्लीत जो मुलगा दुरुस्ती करतो, तो आता मला लांबून बघूनच "काकूंचाच ना?" म्हणतो.

तिचा सध्याचा फोन स्वस्तातला, त्यात वायरलेसची सोय नाही. पण मी फोन बदलतोय, तेव्हा माझा आयफोन १२ तिला देता येईल. त्याचा चार्जर मागून चुंबकाने चिकटतो, म्हणजे नेम धरायची भानगडच नाही. जवळ नेला की टचकन बसतो.

पण कानावर येतं ते भलतंच. बॅटरी लवकर मरते, बिल वाढतं, फोन तव्यासारखा तापतो, आणि एका नातेवाइकाच्या मते किरणं निघतात म्हणून उशाशी ठेवू नये. खरं काय आणि सांगोवांगी काय? जाहिराती वाचून झाल्यात, त्या पुन्हा इथे चिकटवू नका ही विनंती.

जुना ठाणेकर | ५ जुलै, सकाळी १०:०५

बिनतारी म्हणे. त्या पॅडमधून निघून भिंतीत जाते ती काय मग लेंग्याची नाडी आहे?

ऐरोली_नाइटशिफ्ट | ५ जुलै, सकाळी १०:३०

काका, सकाळी सकाळी? 😄

पाचपाखाडीकर, चार्जर घेताना एवढंच बघा की त्यावर क्यू आणि आय या अक्षरांची खूण आहे. त्या मानकाचा उच्चार 'ची' असा करतात, चिनी भाषेतली प्राणशक्ती ती. वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम नावाची संस्था २००८ मध्ये स्थापन झाली, तिचं हे मानक. दुकानात मी "ची आहे का?" विचारलं तर दुकानदार म्हणाला, "कोणाची?" पाच मिनिटं आमचं व्याकरण चाललं होतं.

२०२३ मध्ये 'ची-टू' आलं. त्यात आयफोन १२ पासून आलेली चुंबकाची कल्पनाच सगळ्यांसाठी खुली केली. साधारण १५ वॅटपर्यंत चार्जिंग होतं, आता २५ वॅटचीही आवृत्ती आली आहे. केबलवर ६०-८० वॅट मिळतात त्यांनी नाक मुरडावं, पण रात्रभर फोन पडून राहणाऱ्याला काय फरक पडतो?

आमच्या ऑफिसात कँटीनच्या टेबलांतच पॅड बसवलेत. अर्ध्या लोकांचे फोन त्यावर चार्ज होत नाहीत, तरी सगळे ठेवतात. श्रद्धा.

रबाळ्याचा वाइंडर | ५ जुलै, दुपारी १:१५

मी रबाळे एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळणाऱ्या कारखान्यात आहे. विषय घरचाच निघाला म्हणून जरा लांबण लावतो, हलकेच घ्या.

पॅडच्या पोटात तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं, फोनच्या पाठीआड दुसरं. पहिल्यात सेकंदाला एक-दोन लाख वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की भोवती तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्या क्षेत्रात आलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज उपजते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलंच हे, दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणून आपण घोकलंय. घरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की तिथे भांडं तापवायचंच असतं, इथे जे तापेल ते वाया.

आता गोम कुठे आहे? आमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळ्यांच्या मधे लोखंडी गाभा असतो, तो चुंबकीय रेषांना इकडेतिकडे भटकू देत नाही. इथे मधे काय, तर काच, कव्हर आणि थोडी हवा. त्यामुळे दोन वेटोळी बरोबर एकमेकांवर आली तर ठीक, बोटभर सरकली तर गळती वाढते. पाठ धातूची असेल तर विषयच संपला, सगळी शक्ती त्या पत्र्यात भोवरे काढण्यात जाते. म्हणून वायरलेसवाल्या फोनची पाठ काचेची नाहीतर प्लास्टिकची. कव्हर तीनेक मिलिमीटरपर्यंत चालतं. त्याहून जाड, किंवा आत धातूची पट्टी असेल तर नाही.

बिलाचं एकदाचं करून टाकू. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. अडॅप्टरमधली गळती धरून केबलने ती भरायला भिंतीतून २४-२५ वॉट-तास लागतात असं समजा. वायरलेसने ३४-३५. रोज अख्खी बॅटरी भरली तरी फरक १० वॉट-तास, वर्षाला साडेतीन युनिटच्या आसपास (हजार वॉट-तासांचं एक युनिट). युनिटला दहा रुपये धरा, झाले पस्तीस-छत्तीस रुपये. दोन वडापावही धड येणार नाहीत. रिकामा पॅड चोवीस तास चालू ठेवला तर तोही थोडं खातो, पण त्यानेही घर बुडत नाही. एक कोटी फोनांचा गुणाकार केला की मात्र साडेतीन कोटी युनिट होतात. हे देशाने बघावं, काकूंनी नको.

गळती तुमच्या खिशाला लागत नाही, बॅटरीला लागते. कारण वाया गेलेल्या विजेची उष्णता होते, आणि ती थेट बॅटरीच्या पाठीला चिकटून होते. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: तापणं, आणि तापलेल्या अवस्थेत शंभर टक्के भरून पडून राहणं. तेव्हा काकूंचा फोन कपाटात, गादीवर, देवघरातल्या समईजवळ चार्ज करू नका. मोकळ्या हवेत ठेवा आणि ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती चालू करा.

जुना ठाणेकर | ५ जुलै, दुपारी २:००

वाइंडरसाहेब, दंडवत. असं लिहिणारे राहिले नाहीत.

माझ्या नाडीवर हसलात, पण मी हे नुसतं ऐकून बोलत नाही. २०१२ चा नोकिया लुमिया ९२० माझ्याकडे होता, त्याला वायरलेस होतं. तेव्हा ठाण्यात कोणाला माहीतही नव्हतं. पिवळाधमक फोन, त्यासोबत पॅड. दोन वर्षं वापरून मी गुपचूप वायरीवर परत आलो. कारण साधं. चार्जिंगला लावून फोनवर बोलता येत नाही. उचलला की चार्जिंग बंद, ठेवला की बोलणं बंद. आमच्या बहिणीचा सांगलीहून फोन आला की एक तास, आणि तो नेमका बॅटरी संपत आल्यावरच येतो. वायर लावून निदान कान तरी देता येतो. काकूंचे फोन किती लांबतात हे आधी बघा.

पाचपाखाडीकर | ५ जुलै, दुपारी २:२०

@जुना ठाणेकर, आईचे फोन स्पीकरवर असतात, त्यामुळे पॅडवर ठेवून बोलता येईल. आमच्या मजल्यावर सगळ्यांना मामांच्या गुडघ्याची खबर आहे.

@वाइंडर, वाचनखूण साठवली. आकडे बघून जिवात जीव आला.

सेक्टर ९ सोल्डर | ५ जुलै, रात्री १०:५०

वाशीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे माझा स्वार्थ उलटा आहे हे आधीच सांगतो. पिना तुटल्या तर माझं पोट भरतं.

टाइप-सीचं भोक दहा हजार वेळा काढ-घाल सोसेल असं धरून बनवलेलं असतं. रोज दोनदा म्हटलं तरी तेरा वर्षं झाली. म्हणजे घासून कुठलीही पिन मरत नाही, पिना मरतात तीन कारणांनी. पहिलं, खिशातला कापूस. आत दाबून दाबून नमदा झालेला असतो, मग केबल पुरती बसत नाही आणि गिऱ्हाईक जोर लावतं. पाचपाखाडीकर, आईंच्या "मग जात का नाही" चं उत्तर बहुतेक हे आहे. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद कोरून काढा. सुई आणि सेफ्टी पिन नको, आतली जीभ खरवडते. दुसरं, ओढाताण. केबल लावलेला फोन पलंगावरून पडला की सगळा भार त्या जिभेवर. तिसरं आपल्याकडचं खास, पावसाळा. जूनपासून माझ्याकडे रोज हिरवट गंज चढलेल्या पिना येतात. लोकलच्या दारात उभं राहून भिजलेला फोन घरी गेल्या गेल्या चार्जिंगला लावायचा, त्या ओलीत वीज खेळते आणि पितळ खाऊन टाकते.

पावसाळ्यात वायरलेसचा खरा फायदा मी मानतो. नवे फोन भोकात ओल दिसली की केबलने चार्जच होत नाहीत, 'पोर्ट सुकू द्या' म्हणतात. तेव्हा पाठ कोरडी पुसून पॅडवर ठेवला की काम भागतं. केबल असताना लोक हेअर ड्रायर मारतात, तांदळात पुरतात. तांदळाची पूड आत जाऊन बसते ती पुन्हा मीच काढतो.

कोणी सुचवायच्या आधी सांगतो: पिनेत चुंबकाचं टोक कायमचं बसवायचं आणि केबल त्याला चिकटवायची, असा जुगाड मिळतो. मी आईला देणार नाही. उघडी टोकं असतात, घाम-धूळ बसली की काळी पडतात. मागून चिकटवायच्या वायरलेसच्या पातळ पट्ट्याही मिळतात, त्यांचं शेपूट पिनेत घालून ठेवायचं. चालतात, पण रडतखडत. रात्रभराला ठीक.

घोडबंदरची कोंडी | ६ जुलै, सकाळी ८:४५

मी कोंडीतूनच लिहितोय. गाडी हलत नाहीये, काळजी नसावी.

गाडीत वायरलेस पॅड आहे म्हणून मोठ्या हौसेने वरचं मॉडेल घेतलं. माजिवड्यावरून निघताना २१ टक्के, नकाशा चालू, मोबाइल डेटा चालू, गाणी चालू. कासारवडवलीपर्यंत २३. गायमुखच्या अलीकडे काचेतून ऊन थेट पॅडवर, आणि फोनवर सूचना आली की तापलोय, आता चार्ज होणार नाही. दीड तासात कमाई दोन टक्के! हातात घेतला तर चहाच्या कपासारखा. परतताना फोन एसीच्या जाळीपुढे अडकवून केबल लावली तर माजिवड्यापर्यंत पन्नासच्या वर गेला.

गाडीच्या पॅडवर आता मी गॉगल ठेवतो.

रबाळ्याचा वाइंडर | ६ जुलै, सकाळी ९:३०

@घोडबंदर, तुमच्या फोनने बरोबर केलं. तापला की आधी चार्जिंगचा वेग कमी करतो, मग थांबवतो. सभोवतीची हवा ३५ अंशांच्या वर गेली तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असं ॲपल स्वतः सांगतं, आणि बंद काचेत उन्हातल्या डॅशबोर्डवर आपल्याकडे ३५ म्हणजे सकाळचे नऊ. नकाशा लावला की प्रोसेसर आतून तापवतो, पॅड खालून, ऊन वरून. तिन्ही बाजूंनी धग लावल्यावर भाकरीसुद्धा करपते. काही कंपन्या ५० वॅटचे वायरलेस चार्जर देतात त्यांच्या बुडात पंखा असतो, तो उगीच नाही.

नेरूळची ताई | ६ जुलै, दुपारी १२:२०

माझ्याकडे फोन, घड्याळ आणि कानातले इयरबड अशा तिघांना एकदम चार्ज करणारं स्टँड आहे. टेबलावरून तीन वायरी गेल्या, हे सुख मोठं आहे, कोणी काही म्हणो. पण घेताना घड्याळाचं नीट विचारा. बहुतेक घड्याळांचं चार्जिंग आपापल्या कंपनीपुरतं असतं, 'ची' लिहिलंय म्हणून कुठल्याही पॅडवर घड्याळ चालेलच असं नाही. नवऱ्याचं घड्याळ माझ्या स्टँडवर नुसतं शोभेला बसतं. सगळ्यांना एकाच पॅडवर कुठेही ठेवा अशी चटई खुद्द ॲपलने २०१७ मध्ये जाहीर केली होती, २०१९ मध्ये गुंडाळली. त्यांना जमलं नाही ते सहाशे रुपयांच्या पॅडकडून मागू नये.

पहिल्यांदा मी आडवा, सपाट, साधा पॅड घेतला होता. रात्री कुणाचा तरी मेसेज आला की फोन थरथरायचा आणि थरथरत थरथरत पॅडवरून घसरायचा. सोसायटीचा ग्रुप रात्री बारा वाजता पाण्याच्या टँकरवरून भांडतो. सकाळी फोन पॅडच्या कडेला, १९ टक्के. दोनदा असं झाल्यावर कळलं.

दुसरं, फोनच्या मागे बोट घालायची धातूची कडी चिकटवली असेल तर ती काढा. आणि आईंच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड असेल तर तेही. वयस्कर माणसांच्या कव्हरमध्ये अख्खं बिऱ्हाड असतं.

पाचपाखाडीकर | ६ जुलै, दुपारी १:००

@नेरूळची ताई, आत्ता जाऊन बघितलं. कव्हरमध्ये निघालं ते असं: एटीएम कार्ड, गणपतीचा फोटो, दोनशेची नोट, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चंदेरी पट्टीसकट आणि कपाटाची किल्ली. किल्ली आम्ही मार्चपासून शोधत होतो!

बाकी उशाशी ठेवण्याचा प्रश्न आमच्याकडे तसाही नाही, बाबांना पेसमेकर आहे म्हणून झोपायच्या खोलीत फोन नसतातच. हॉलमध्ये ठेवू. म्हणजे आता आयफोन १२ आणि चुंबकाचा चार्जर हे जवळपास नक्की. धन्यवाद मंडळी.

कळव्याची सिस्टर | ६ जुलै, संध्याकाळी ७:१०

थांबा, थांबा. धागा नुसता वाचत होते, पण आता लिहायलाच हवं. मी हृदयरोग विभागात परिचारिका आहे.

पेसमेकर आणि चुंबक ही जोडी साधी नाही. पेसमेकरला मुद्दामच चुंबक ओळखायची सोय दिलेली असते. डॉक्टरांना तपासणीत किंवा शस्त्रक्रियेत गरज पडली तर वरून चुंबक धरतात, मग तो हृदयाचं ऐकणं सोडून ठरावीक गतीने ठोके देतो. ज्यांना झटका देणारं यंत्र बसवलंय, आयसीडी, त्यांच्यात चुंबकाने झटका देणंच थांबतं. चुंबक दूर नेलं की पूर्ववत होतं, पण मधल्या वेळात गरज पडली तर? आयफोन १२ आल्यावर डेट्रॉइटच्या डॉक्टरांनी तो रुग्णाच्या छातीवर आयसीडीजवळ धरून बघितला, तेव्हा यंत्र गप्प झालं. २०२१ च्या सुरुवातीला ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ॲपलच्याच सूचनेत आहे की हा फोन आणि त्याची चुंबकाची उपकरणं अशा यंत्रापासून १५ सेंटिमीटरहून लांब ठेवा, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरहून लांब.

घाबरवत नाहीये. हॉलमधल्या चार्जरने बेडरूममधल्या बाबांना काही होणार नाही. प्रश्न फोन छातीपाशी जाण्याचा आहे. बाबा आईंचा फोन हाताळतात का?

पाचपाखाडीकर | ६ जुलै, संध्याकाळी ७:४५

सिस्टर, वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

हाताळतात म्हणजे, आईचा फोन वाजला की बाबाच उचलून तिला नेऊन देतात. आणि नेताना तो शर्टाच्या खिशात टाकतात. डाव्या. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून, कारण एका हातात काठी आणि दुसऱ्याने भिंत धरायची. दिवसातून आठ-दहा वेळा तरी. त्यांचा स्वतःचा फोन ते पँटच्या खिशात ठेवतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं ते काटेकोर पाळतात. पण आईचा फोन हा त्यांच्या लेखी फोन नाहीच, आईची वस्तू आहे.

म्हणजे जे चुंबक आईच्या हातांसाठी हवंय, तेच बाबांच्या खिशात जाणार.

जुना ठाणेकर | ६ जुलै, रात्री ८:००

मग सरळ वायर. मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?

सेक्टर ९ सोल्डर | ६ जुलै, रात्री ८:२५

काका, वायर म्हणजे पुन्हा पिन, पुन्हा मी. पाचपाखाडीकरांच्या आईंनी माझ्या जातभाईचं घर किती दिवस चालवायचं?

वायरलेसला चुंबक लागतंच असं नाही. २०१७ च्या आयफोन ८ पासून २०१९ च्या ११ पर्यंत आणि कितीतरी अँड्रॉइडमध्ये नुसतं वेटोळं आहे, चुंबकाचं कडं नाही.

पाचपाखाडीकर | ६ जुलै, रात्री ८:३०

पण मग नेमाचं काय? चुंबक नाही म्हणजे पॅडवर बरोबर मधोमध ठेवायचा, आणि थरथरत्या हाताने तेच तर होत नाही. पुन्हा ताईंसारखं सकाळी १९ टक्के.

नेरूळची ताई | ६ जुलै, रात्री ८:४०

पॅड नको, स्टँड घ्या ना! उभं, मागे कललेलं, खाली ओठ असलेलं. फोन त्या ओठावर टेकला की उंची आपोआप जमते, फक्त डावी-उजवीकडे थोडं बघायचं. पाटावर फोटो टेकवून ठेवतो तसं. थरथरून घसरतही नाही, जाणार कुठे? दोन वेटोळ्यांचं घ्या म्हणजे आडवा ठेवला तरी चालेल. मला साधारण बाराशेला मिळालं.

रबाळ्याचा वाइंडर | ६ जुलै, रात्री ९:०५

ताईंना अनुमोदन. उभ्या फोनच्या पाठीला हवाही लागते, कमी तापतो.

स्टँडच्या खोक्यात बहुधा अडॅप्टर नसतो, हे आत्ताच सांगतो. लोक घरातला जुना ५ वॅटचा ठोकळा लावतात आणि वायरलेस भिकार आहे म्हणून शिव्या घालतात. निदान २० वॅटचा, बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण असलेला घ्या. आणि ज्या नातेवाइकाने किरणांची भीती घातली त्यांना सांगा, हे क्षेत्र काही सेंटिमीटर लांब गेलं की झपाट्याने विरतं, आणि फोन नसताना पॅड फक्त मधूनमधून 'कोणी आहे का' एवढं टिकटिक करून बघतो. क्ष-किरणांशी त्याचं नातं नाही. पेसमेकरचं मात्र सिस्टर म्हणतात तेच खरं, तिथे माझं ज्ञान लावू नका.

कळव्याची सिस्टर | ६ जुलै, रात्री ९:३०

आणि चुंबकाचं कडं नसलेला फोन असला तरी डाव्या खिशात नकोच. १५ सेंटिमीटरचा नियम कुठल्याही फोनला लावा. स्पीकरमध्येसुद्धा लहान चुंबक असतंच. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा यंत्र कुठल्या प्रकारचं आहे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, बऱ्याच घरांत ते कोणालाच माहीत नसतं.

पाचपाखाडीकर | २० जुलै, सकाळी ११:१०

धागा वर काढतोय, कारण कळवायचं राहिलं होतं.

खारघरच्या ताईकडे तिचा जुना गॅलॅक्सी एस२० एफई कपाटात पडला होता. वायरलेस आहे, चुंबकाचं कडं नाही, पाठ प्लास्टिकची म्हणजे पडला तरी काच नाही, आणि अँड्रॉइडच असल्यामुळे आईला नव्याने काही शिकवावं लागलं नाही. माझा आयफोन भाच्याला गेला, या व्यवहारात सगळ्यात जास्त खूश तोच आहे. ओठवालं स्टँड हॉलमध्ये शोकेसच्या फळीवर, बाबांच्या खुर्चीपासून चांगलं सहा फूट. बाबांसाठी आईने जुन्या पिशवीचा पट्टा कापून एक छोटी पिशवी काठीच्या मुठीला बांधली आहे, फोन त्यात टाकून नेतात. डावा खिसा मी वरून टाका घालून बंद केला. दोन दिवस रुसले होते.

डॉक्टरांना विचारलं, साधा पेसमेकर आहे, आयसीडी नाही. कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद आईने लगेच फोनच्या कव्हरमध्ये घातला. कागद चालतो ना, वाइंडर?

चार्जिंगला वेळ लागतो, हे खरं. तीनेक तास जातात. आईच्या ते लक्षातही आलेलं नाही, कारण हातात नसेल तेव्हा फोन त्या स्टँडवरच असतो आणि त्यामुळे तो कधी साठच्या खाली जातच नाही. परवाच्या पावसात बाल्कनीत राहून भिजला, पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली होती म्हणे. तिने "काहीतरी इंग्रजी आलं होतं, मी पुसून ठेवून दिला" एवढंच सांगितलं.

अडचण एकच निघाली. स्टँडवरचा निळा दिवा रात्री डोळ्यांत जातो म्हणून आई त्यावर क्रोशाचा रुमाल टाकते. टीव्हीवर असायचा ना, तसा. फोनसकट.

रबाळ्याचा वाइंडर | २० जुलै, सकाळी ११:४०

कागद बिनधास्त चालतो. सुती रुमालही चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, पण फोनला गोधडी होते. उष्णता आत कोंडते. दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि रुमाल काढायला सांगा.

नेरूळची ताई | २२ जुलै, दुपारी ४:१५

काढला का रुमाल?

पाचपाखाडीकर | २२ जुलै, रात्री ९:०५

नाही. चिकटपट्टी लावली, तरी शोकेस उघडीबोडकी दिसते म्हणाली. मी फोन तापतो वगैरे सगळं समजावलं. आज बघतो तर नवा विणायला घेतलाय, मधोमध फोनएवढी खिडकी सोडून.